कॉम्प्युटर कोणासाठी?

नियमकाका “मी बघतो” असं म्हणाले की घरात काहीतरी तुटायचं, सांडायचं किंवा दुकानात परत करावं लागायचं. हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी त्या दिवशी जेवताना ते पुन्हा तसंच म्हणाले, आणि वर पाण्याचा घोट घेऊन काकूंना म्हणाले, “तू यात लक्ष घालू नकोस.”

झालं होतं एवढंच, की काकूंचा लॅपटॉप गेला होता. एकदम गेला नव्हता. आधी त्याला धाप लागायला लागली, मग तो इतका तापायला लागला की काकू त्याच्याखाली बर्फाची पिशवी ठेवायच्या, आणि शेवटी ऐन लढाईत, काकू किल्ल्याच्या दारात उभ्या असताना, त्याने डोळे मिटले.

लढाई कसली ते सांगायला हवं. काकू रुग्णालयात एक्स-रे काढायच्या. दिवसभर अर्ध्या अंधारात “श्वास रोखा, हलू नका, सोडा” एवढंच बोलायचं, आणि संध्याकाळी घरी येऊन एका बर्फाळ बेटावरचा किल्ला लढवायचा, असा त्यांचा दिनक्रम होता. किल्ला अर्थात कॉम्प्युटरवरचा. पण त्यात त्यांच्या बरोबरीने लढणारी माणसं खरी होती: एक ट्रकचालक, एक कॉलेजातली मुलगी, आणि एक गृहस्थ जे कधीच बोलत नसत, फक्त खोकत. या सगळ्यांनी मिळून काकूंना कॅप्टन केलं होतं. काकूंना घरात, नात्यात किंवा रुग्णालयात कोणी कधी कॅप्टन केलं नव्हतं.

“मला खेळायचा कॉम्प्युटर घ्यायचाय,” काकू म्हणाल्या होत्या. “ऐन वेळी अडकणारा नको. बाकी काही असू दे.”

यावर नियमकाका “मी बघतो” म्हणाले.

नियमकाका नगरपालिकेत जन्मनोंदणीच्या खिडकीवर बसत. दुसऱ्यांच्या मुलांची नावं लिहायची आणि आईबापांनी केलेल्या स्पेलिंगच्या चुका दाखवून द्यायच्या, हे काम त्यांनी इतकी वर्षं इतक्या निष्ठेने केलं होतं, की काही मुलांना शाळेत गेल्यावर आपलं खरं नाव काय ते त्यांच्यामुळेच कळलं होतं. इमारतीतल्या पोरांनी त्यांचं नाव नियमकाका ठेवलं, त्याला कारण मात्र वेगळं होतं. सायकल कुठे लावू नये, चेंडू किती वाजेपर्यंत उडवावा, जिन्यात कुठल्या बाजूने उतरावं, याचे नियम त्यांना तोंडपाठ होते, आणि जिथे नियम नव्हता तिथे ते उभ्या उभ्या करत.

अशा माणसाला तयार वस्तू आवडणार हे उघड आहे. तयार कॉम्प्युटर म्हणजे एक खोकं, एक पावती, आणि बिघडलं तर गळा धरायला एकच माणूस. म्हणून ते पहिल्यांदा गेले ते मोठ्या काचेच्या दुकानात. तिथे टाय लावलेला एक विक्रेता पुढे आला.

“खेळण्यासाठी कॉम्प्युटर हवाय,” नियमकाका म्हणाले. “पत्नीसाठी.”

विक्रेत्याने मान तिरकी केली. “मॅडम काय खेळतात? पत्ते?”

“लढाई.”

विक्रेता हसला नाही. त्याला हसायचं नाही असं शिकवलेलं होतं. पण त्याने हसू कुठे ठेवलंय ते नियमकाकांना दिसलं. त्यांना हाताला धरल्यासारखं करून त्याने दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं आणि फिकट जांभळ्या रंगाचा, पापडासारखा चपटा लॅपटॉप दाखवला. “मॅडमसाठी हे छान. हलकं आहे. फोटो बघता येतात.”

नियमकाकांचे कान तापले. आपल्या बायकोला फोटो बघता येतात हे त्यांना आधीपासून माहीत होतं. मुख्य म्हणजे त्यांना राग विक्रेत्याचा आला की स्वतःचा, हे त्यांना ठरवता येईना. कारण तो “पत्ते?” म्हणाला तेव्हा क्षणभर त्यांनाही “हो” म्हणावंसं वाटलं होतं.

“खेळाचा तयार कॉम्प्युटर दाखवा,” ते कोरडेपणाने म्हणाले. विक्रेत्याने दाखवला. आत काय आहे असं विचारल्यावर तो म्हणाला, “सगळं आहे.” म्हणजे काय काय, तर म्हणाला, “सगळंच.” खोक्याच्या मागे झाकणावर एक कागदी सील होतं. ते फाडलं तर हमी संपली. नियमकाका त्या सीलकडे थोडा वेळ आदराने बघत राहिले आणि काही न घेता घरी आले.

जिन्यात पूलसाहेब भेटले. पूलसाहेब वरच्या मजल्यावर राहत. नोकरीभर त्यांनी पूल बांधले होते आणि निवृत्त झाल्यावर जगातल्या कुठल्याही प्रश्नाकडे ते भार आणि आधार याच नजरेने बघत.

“तयार?” पूलसाहेब ओरडले. “अहो, सील लावलेली वस्तू घेता? झाकण उघडून बघायची बंदी म्हणजे आत काहीतरी स्वस्तातलं दडवलंय. मी दुसऱ्याने बांधलेल्या पुलावरून स्वतः जात नाही, लांबून वळसा घालतो. सुटे भाग घ्या, डोळ्यांसमोर जुळवून घ्या.”

“पण बिघडला तर जबाबदार कोण?”

“तुम्ही!” पूलसाहेब अभिमानाने म्हणाले.

नियमकाकांना त्यात अभिमान वाटण्यासारखं काही दिसलं नाही. पण त्या जांभळ्या लॅपटॉपच्या दुकानात पुन्हा पाऊल टाकायचं नाही हे पक्कं झालं होतं, त्यामुळे जुळवलेल्याची बाजू आपोआप वरचढ ठरली. मोठमोठे निर्णय असेच होत असावेत.

जुळवून देणाऱ्याचं दुकान एका व्यापारी इमारतीच्या तळघरात होतं. आत शिरायला जागा नव्हती. चारी बाजूंनी कॉम्प्युटरची रिकामी कॅबिनेटं, पंखे, तारा, आणि मध्ये एक भरदार मिशांचा माणूस बसून फोनवर कोणावर तरी ओरडत होता. फोन ठेवून त्याने नियमकाकांना स्टूल दिलं.

“माझा मुलगा,” तो फोनकडे बोट दाखवून म्हणाला. “अजून अंथरुणात आहे. बोला साहेब. खेळायचा? कोणासाठी?”

“घरासाठी.”

“घर खेळत नाही साहेब. खेळणारा कोण ते सांगा, त्याच्यावर सगळं असतं. तयार माल विकणाऱ्याला काय, कोणीही घ्या. मला माणूस कळल्याशिवाय एक स्क्रू लावता येत नाही.” आणि उत्तराची वाट न बघता त्याने स्वतःच विचारलं, “मुलगा?”

नियमकाकांना मुलगा नव्हता. मुलगीही नव्हती. पण त्यांच्या डोळ्यांसमोर तो टायवाला उभा राहिला, आणि त्यांची मान हलली. ती होकारार्थी हलली होती.

“वय?”

“अठरा.” उत्तर इतकं चटकन आलं की ते स्वतःच दचकले.

“म्हणजे माझ्याच पोराएवढा!” दुकानदार खूश झाला. “मग काही सांगू नका, सगळं माहीत आहे. हाक मारली की ओ देत नाही?”

“नाही देत,” नियमकाका म्हणाले. हाकेला ओ देणारं कोणी नव्हतं तेव्हा हे अगदीच खोटं नव्हतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

तयार कॉम्प्युटर घेतला असता तर गोष्ट इथेच मिटली असती, कारण तिथे कोणी काही विचारत नाही. जुळवलेल्याचं तसं नव्हतं. ग्राफिक्स कार्ड कुठलं घ्यायचं हे मुलगा काय खेळतो त्यावर होतं. पंखे किती, हे तो किती वेळ बसतो त्यावर. आवाज चालेल का, हे त्याच्या खोलीत आणखी कोण झोपतं त्यावर. प्रत्येक भागामागे एक प्रश्न होता आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यावं लागत होतं. दुकानदार एकेक वस्तू फळीवरून खाली काढत गेला आणि इकडे मुलगा तयार होत गेला. तो उंच होता. केस विंचरायचा नाही. गणितात बरा, भूगोलात वाईट. स्वभाव आईसारखा, कमी बोलणारा, पण एकदा ठरवलं की ठरवलं.

“रंगीत दिवे लावायचे आत? हल्ली पोरांना लागतात.”

“नको,” नियमकाका जरा जोरातच म्हणाले. “तो तसला नाही.”

दुकानदाराने मिशांतून त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. “नशीबवान आहात. आमच्याकडे कपाटालासुद्धा दिवे लावलेत. तुम्ही काम कुठे करता साहेब?”

“जन्मनोंदणीत.”

“म्हणजे मुलाचा दाखला घरच्या घरी!” दुकानदार मोठ्याने हसला. नियमकाकाही हसले, पण त्यांना ते जमलं नाही.

त्यानंतर ते तिथे वरचेवर जाऊ लागले. जायला कारणं होतीच, कारण एक भाग आला की दुसरा यायचा राहायचा. पण कारण नसतानाही गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. कचेरीतून सुटल्यावर तळघरात उतरायचं, स्टुलावर बसायचं, दुकानदाराने आपल्या मुलाची तक्रार करायची आणि मग यांनी. बापांच्या या बोलण्यात इतकी वर्षं ते नुसते ऐकणारे होते. नोंदणीच्या खिडकीवर, लग्नघरात, जिन्यात, सगळीकडे. आता पहिल्यांदाच त्यांच्या वाट्याला एक वाक्य आलं होतं, आणि ते म्हणताना त्यांना फार बरं वाटायचं. “काय करणार, पोरं ती पोरंच,” एवढंच ते वाक्य होतं.

घरी मात्र त्यांनी यातलं अवाक्षर काढलं नाही. “होतंय काम,” एवढंच ते काकूंना सांगत. काकू तोवर फोनच्या इवल्याशा पडद्यावर नुसत्या बघ्या म्हणून आपला किल्ला पडताना पाहत होत्या.

दरम्यान घरातलं टेबल आडवं आलं. टेबलाच्या एका बाजूला कॅबिनेट ठेवायचा कप्पा होता. त्याचं माप पूलसाहेबांनी स्वतः टेप लावून घेतलं आणि सुरक्षिततेसाठी थोडं कमी करून सांगितलं, कारण पुलात तसंच करतात. त्या मापाने आणलेल्या कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्ड मावेना. मग मोठं कॅबिनेट आलं, ते कप्प्यात मावेना. मग सुताराला बोलावून कप्पा कापला. कापल्यावर टेबल एका अंगाला झुकलं. पूलसाहेब खाली बसून बराच वेळ त्या टेबलाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “आधार काढून घेतलात तुम्ही.” माप कोणी दिलं होतं यावर त्यांनी चर्चा होऊ दिली नाही.

शेवटी यंत्र घरी आलं. नियमकाकांनी बटण दाबलं, पंखे फिरले, आणि त्याच क्षणी घरातले सगळे दिवे गेले. पुन्हा लावले, पुन्हा गेले. पूलसाहेब म्हणाले, “भार. विजेच्या कार्यालयात जाऊन वाढवून घ्या.”

तिथल्या खिडकीवरच्या बाईंनी नियमकाकांचा अर्ज स्पेलिंगच्या चुकीसाठी परत दिला. हा अनुभव त्यांनी आयुष्यात प्रथमच खिडकीच्या बाहेरच्या बाजूने घेतला. ते चुपचाप दुसरा अर्ज लिहायला बसले. घरात राहणाऱ्या व्यक्ती किती, या रकान्यात त्यांनी लिहिलं: तीन.

लिहिलेल्या आकड्याकडे बघून त्यांचा हात थांबला. स्टुलावर बसून बोलणं वेगळं होतं. हा सरकारी कागद होता. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना सांगितलं होतं की कागदावर लिहाल ते खरं पाहिजे. त्यांनी तीन खोडलं, दोन केलं, बाजूला सही केली. मग बाईंच्या हातात अर्ज देऊन ते पायऱ्यांवर येऊन बसले, आणि बसल्यावर त्यांना उठवेना. एक गोष्ट घडलीच नव्हती, तरी ती खोडताना त्यांच्या छातीत दुखलं होतं.

भार वाढवून मिळाला. तरी दिवे जातच राहिले. दुकानदाराला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “रविवारी मीच येतो साहेब. तुमचा पोरगाही भेटेल.”

रविवारी काकूंची ड्यूटी होती, म्हणून नियमकाकांनी हो म्हटलं. पण काकूंनी ड्यूटी बदलून घेतली. आपला कॉम्प्युटर आज चालू होणार, म्हणून. दुकानदार अवजारांची पेटी घेऊन आत आला तेव्हा काकू सोफ्यावर बसल्या होत्या.

“वहिनी ना?” तो म्हणाला. “साहेबांकडून इतकं ऐकलंय. चिरंजीव कुठे आहेत?”

“कोण चिरंजीव?”

नियमकाकांना खोकला आला. खरा आला. पण त्याचा उपयोग झाला नाही.

“मुलगा हो तुमचा,” दुकानदार पेटी उघडत म्हणाला. “अठरा वर्षांचा. केस न विंचरणारा, भूगोलात वाईट. साहेब म्हणतात, स्वभाव अगदी तुमच्यावर गेलाय.”

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. नियमकाका टेबलाच्या कापलेल्या कप्प्याकडे बघत होते. काकूंना एका शब्दात त्यांना उघडं पाडता आलं असतं.

“बाहेर गेलाय,” काकू हळू म्हणाल्या. “घरात असतो कुठे.”

“तेच ते! आमच्याकडेही तेच,” दुकानदार म्हणाला आणि टेबलाखाली शिरला. दोष यंत्राचा नव्हता, भिंतीतल्या जुन्या तारेचा होता. त्याने ती बदलली, बटण दाबलं, आणि दिवे राहिले. पडदा उजळला.

“आता खेळ चालवून बघायला पाहिजे. ऐन भरात टिकतो का ते कळेल. पण पोरगा नाही...”

“मी बसते,” काकू म्हणाल्या.

त्या बसल्या. बर्फाळ बेट उघडलं. इतकं स्वच्छ त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं. किल्ल्याच्या भिंतीवरचा एकेक दगड दिसत होता. क्षणभर त्या नुसत्या बघत राहिल्या. मग समोरून लाल सैन्य आलं आणि काकूंचा आवाज बदलला. “श्वास रोखा,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “हलू नका.” बोटं अशी चालली की दुकानदाराच्या हातातला स्क्रू खाली पडला, आणि त्याने तो उचललाही नाही. लाल सैन्य दारापर्यंत पोचलंच नाही.

“वा, वहिनी!” तो म्हणाला. “मुलाने काय शिकवलंय तुम्हाला!”

काकूंनी हात मागे घेतले. नियमकाकांनी त्यांचा चेहरा पाहिला. खोट्या मुलाचं त्यांनी झाकून घेतलं होतं. आता त्यांची एकमेव कमाई त्याच मुलाच्या नावावर जात होती, आणि त्या तीही जाऊ द्यायला तयार होत्या.

“कोणी शिकवलं नाही,” नियमकाका उभे राहून म्हणाले. खिडकीवरचा त्यांचा आवाज होता तो. “आम्हाला मुलगा नाही. कॉम्प्युटर हिचा आहे. ही कॅप्टन आहे.”

दुकानदाराने दोघांकडे पाहिलं. बराच वेळ त्याने अवजारं पेटीत भरली, पुन्हा काढली, पुन्हा भरली. मग काकूंकडे वळून, जणू पहिल्यापासून विचारायचं राहिलं होतं अशा थाटात, तो म्हणाला, “मग दिवे लावू का आत? त्याला नको होते. तुम्हाला?”

“हवेत,” काकू म्हणाल्या. “सगळ्या रंगांचे.”

निघताना तो दारात थांबला. नियमकाका मान खाली घालून उभे होते. “साहेब,” तो म्हणाला, “येत जा हो दुकानात. माझ्या पोराची तक्रार ऐकायला दुसरं कोण आहे मला?” आणि जिना चुकीच्या बाजूने उतरून गेला. नियमकाकांनी त्याला काही म्हटलं नाही.

काकू अजून खुर्चीवरच होत्या.

“अठरा का सांगितलंत?” त्यांनी विचारलं.

“तेवढाच झाला असता.”

तितक्या वर्षांपूर्वी काकूंना दिवस गेले होते, आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं. रुग्णालयातून परतल्यावर नियमकाकांनी “बरं वाटतंय ना” असं विचारलं, काकू “हो” म्हणाल्या, आणि त्यानंतर या विषयावर त्या घरात एक शब्द झाला नव्हता. काकूंना वाटायचं, हे विसरले. नियमकाकांना वाटायचं, हिला आठवण करून देऊ नये.

“मोजत होतात?” काकू म्हणाल्या.

“रोज तारखा लिहितो मी. मोजलं जातं.”

काकूंनी पदराशी चाळा केला. “भूगोलात वाईट का केलंत त्याला?”

“कशात तरी वाईट असायला हवा ना. नाहीतर खरं वाटलं नसतं.”

काकू हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. “आणि नाव काय सांगितलंत?”

“विचारलं नाही त्याने. बरं झालं, मी काय सांगणार होतो? आपण ठेवलंच नव्हतं.”

“मी ठेवलं होतं,” काकू म्हणाल्या.

नियमकाका खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, आणि काकूंनी सांगितलं. त्यांनी ते नाव एकदा, आवाज न करता, म्हणून पाहिलं.

तेवढ्यात यंत्रातून कोणीतरी खोकलं. पाठोपाठ ट्रकचालकाचा आवाज आला, “कॅप्टन? तुम्ही आहात? अहो, होता कुठे इतके दिवस? रोज हरतोय आम्ही!”

“आले,” काकू म्हणाल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

आता आपलं इथे काही काम नाही असं वाटून नियमकाका उठले. काकूंनी पडद्यावरची नजर न काढता शेजारचं स्टूल पायाने त्यांच्याकडे सरकवलं.

“बसा. फक्त मध्ये बोलू नका.”

ते बसले. बेटावर बर्फ पडत होता आणि सगळीकडून माणसं धावत होती. कोण कोणाला मारतंय ते त्यांना कळेना. थोडा वेळ त्यांनी धीर धरला.

“आपली कुठली?” त्यांनी हळूच विचारलं.

“निळी,” काकू म्हणाल्या.

नियमकाका निळ्यांकडे बघत राहिले.